एका दिवसात शीआन: काय बघायचं आणि शाकाहारी माणसानं काय खायचं

चीनमधल्या शीआन शहरासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर सकाळ शहराबाहेर घालवा आणि दिवस कलेल तसे आत आत या. सकाळी मातीचे सैनिक, दुपारी ह्युएनत्संगाचा पॅगोडा, उन्हं उतरताना तटबंदी आणि रात्री तटाच्या आतल्या गल्ल्यांमध्ये जेवण. क्रम उलटा केलात तर सैनिकांपाशी ऐन गर्दीत पोचाल आणि तटावर डोक्यावर ऊन घेऊन चालाल. बाकी कुठेही मागेपुढे झालं तरी चालेल, हा क्रम मात्र सोडू नका.

मी कोथरूडला राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे. सोसायटीत चीनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी, तिथे खायचं काय?" बीजिंग-शांघायबद्दल मी तो प्रश्न समजू शकते. पण चीनला पहिल्यांदा जाणाऱ्या शाकाहारी माणसाला मी आवर्जून शीआनचं नाव सांगते, कारण हा सगळा भाग गव्हाचा आहे. दक्षिण चीन भात खातो, हा शान्शी प्रांत नूडल्स आणि भाकरीसारखे जाड पाव खातो. तिखट, व्हिनेगर, लसूण सढळ हातानं. मी पूर्ण शाकाहारी आणि माझा नवरा मटण-चिकन खाणारा पण गोमांस न खाणारा, त्यामुळे दोघांच्याही बाजूनं सांगते.

आधी पुण्यात करायची कामं. व्हिसा इथूनच काढून न्यावा लागतो. चीननं बऱ्याच देशांच्या लोकांना २४० तासांची व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सवलत दिली आहे, पण त्या यादीत भारत नाही. त्यामुळे इंटरनेटवर युरोपियन प्रवाशांचे सल्ले वाचून त्यावर विसंबू नका.

दुसरं काम फोनचं. तिथे गूगल आणि व्हॉट्सॲप स्थानिक नेटवर्कवर चालत नाहीत. आपल्या भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग घेतलंत तर चालतात, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो. आमच्या वयाच्या लोकांना मी हाच मार्ग सांगते. पैसे थोडे जास्त जातात, पण बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो, आणि तो तुम्हाला लागणारच आहे. कारण तिथे भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळे व्यवहार अलीपे आणि वीचॅट या फोनवरच्या ॲपवर होतात. अलीपे पुण्यात असतानाच डाउनलोड करा, पासपोर्टची माहिती भरा, आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडा आणि त्या कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडलेली बरी. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे जादा पैसे घेत नाही, त्यावर ३ टक्के घेतं. एक युआन साधारण १२-१३ रुपयांचा धरा. थोडे रोख युआनही जवळ असू द्या.

फोन बंद पडला तर पैसे, नकाशा, भाषांतर सगळंच बंद, म्हणून पॉवर बँक हवी. पण चीनच्या देशांतर्गत विमानात २८ जून २०२५ पासून ३सी (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) ही खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच पॉवर बँकांवर ती नसते. बीजिंगहून शीआनला विमानानं जाणार असाल तर आधी हे तपासा. माझं म्हणाल तर बुलेट ट्रेननंच जा, साडेचार ते सहा तासांत पोचते आणि वाटेतली शेतं बघायला मिळतात.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. १ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन, त्या सुट्टीत निम्मा देश फिरायला बाहेर पडतो. दिवाळीची सुट्टी मात्र उत्तम. हवा थंड पण सोसवेल अशी, आणि गाड्यांवर डाळिंबं आणि पर्सिमॉन नावाचं नारिंगी, गोड फळ.

आता दिवस. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. पुण्यात पहाटेचे पाच म्हणजे तिथे साडेसात, आणि साडेसातला तुम्ही मेट्रोत असायला हवं. पहिल्या एकदोन सकाळी शरीर कुरकुर करतं, म्हणून शीआन सहलीच्या अगदी पहिल्या दिवशी ठेवू नका. पासपोर्ट जवळ हवाच, झेरॉक्स चालत नाही, कारण तिकिटं पासपोर्ट नंबरावर निघतात. पर्समधली फळं कापायची सुरी हॉटेलवरच ठेवा. प्रत्येक मेट्रो स्टेशनवर बॅग स्कॅन होते. टिश्यू पेपरचं पाकीट आणि स्टीलची बाटली घ्या. उकळतं पाणी सगळीकडे फुकट मिळतं, गार पाणी मागावं लागतं.

मातीचे सैनिक लिनथोंग भागात आहेत, शहरापासून साधारण ३५-४० किलोमीटरवर. मेट्रोच्या ९ नंबरच्या लाइननं ह्वाछिंग छ या स्टेशनला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी. टॅक्सी अलीपेमधूनच बोलावता येते. स्टेशनवर किंवा हॉटेलबाहेर "स्वस्तात सैनिक दाखवतो" म्हणत कुणी आलं तर नम्रपणे नको म्हणा. अशा सहली मूर्ती विकणाऱ्या कारखान्यात तासभर थांबतात आणि तुमची सकाळ तिथेच संपते. तिकीट १२० युआन, आदल्या काही दिवसांत ऑनलाइन काढून ठेवा. त्याच तिकिटात सम्राटाच्या समाधीचा परिसरही येतो.

आत गेल्यावर थेट पहिल्या दालनात जा. सव्वा दोनशे मीटरहून लांब, डोक्यावर विमानाच्या हँगरसारखं छप्पर आणि खाली खंदकांमध्ये रांगा लावून उभे सैनिक. चीन पहिल्यांदा एका छत्राखाली आणणारा सम्राट छिन शह्वांग इसवी सन पूर्व २१० मध्ये वारला, त्याच्या समाधीच्या राखणीसाठी हे सैन्य जमिनीत पुरलं होतं. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाताला ते लागलं. एकूण आठ हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले बरेचसे अजून मातीतच आहेत. तसे का ठेवलेत हे समजून घ्या म्हणजे त्या अर्धवट खणलेल्या जागाही बघाव्याशा वाटतात. हे सैनिक मुळात रंगवलेले होते. रंग लाखेसारख्या थरावर दिलेला होता. दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेला तो थर कोरडी हवा लागली की काही मिनिटांत सुकून वळतो आणि रंग घेऊन गळून पडतो. रंग टिकवायचा तर घाई करून चालत नाही.

पुढच्या कठड्याशी सगळे फोटोसाठी दाटी करतात. तिथे पाच मिनिटं घाला आणि बाजूच्या वाटेनं थेट मागच्या टोकाला जा. तिथे तुकडे जोडायचं काम चालतं. कुणाला डोकं नाही, कुणाच्या छातीभोवती पट्टे आवळलेले, कुणाचा हात शेजारी ठेवलेला. मला पहिल्या दालनातली सगळ्यात मोलाची जागा ही वाटते, कारण समोरून जे अखंड सैन्य दिसतं ते माणसांनी किती धीरानं उभं केलंय हे इथे कळतं.

मग तिसरं दालन पटकन आणि दुसरं सावकाश. दुसऱ्या दालनात काही पुतळे काचेच्या पेटीत ठेवले आहेत, अगदी हातभर अंतरावर. त्यातला गुडघा टेकून बसलेला तिरंदाज शोधा. समोरून बघून पुढे सरकू नका, वळसा घालून त्याच्या मागे जा आणि खाली वाका. उजवा पाय चवड्यावर टेकलेला आहे, त्यामुळे जोड्याचा तळ दिसतो. त्या तळावर टाके कोरलेत. चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ, म्हणजे जिथे जोडा झिजतो तिथे जास्त शिवण. जमिनीखाली पुरायच्या पुतळ्याच्या पायाखाली, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं, तिथे त्या कारागिरानं हे केलंय. मग मान वर करून केसांची वेणी आणि एका बाजूला बांधलेला अंबाडा बघा.

साडेअकरा-बाराला तिथून निघा. बाहेर पडताना दुकानांची लांबलचक रांग लागते. तिथे जेवायला बसू नका, शहरात याहून चांगलं आणि स्वस्त मिळतं. हंगाम असेल तर लिनथोंगची डाळिंबं तेवढी घ्या. त्या भागाचं ते प्रसिद्ध फळ आहे आणि भूक भागवायला एक पुरतं.

परतताना ९ नंबरवरून १ नंबरची आणि मग ३ नंबरची लाइन घेतली की दायानता स्टेशन येतं. पॅगोडा तिथेच आहे. पण आधी जेवण.

पहिलं जेवण म्हणून योफो म्येन मागवा. पट्ट्यासारख्या रुंद, हातानं ओढलेल्या नूडल्स, त्यावर उकडलेली पालेभाजी, मोड आलेले मूग किंवा सोयाबीन, वरून लाल तिखट, कांद्याची पात, लसूण. आणि मग त्या तिखटावर कडकडीत तापलेलं तेल ओततात. चर्र आवाज येतो, वास टेबलभर पसरतो. तळापासून नीट कालवायचं, टेबलावरचं काळं व्हिनेगर घालायचं आणि गरम असतानाच संपवायचं. एक वाडगा साधारण १५ ते ३० युआन, आणि वाडगा मोठा असतो. आपल्यातल्या दोघींना एक पुरतो.

पण मागवताना काळजी घ्या. काही ठिकाणी यात खिमा घालतात. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी आहे आणि "बू याव रौ" म्हणजे मांस नको, एवढं पाठ करा, पण त्यावर थांबू नका. मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे शाकाहारी, असं पुष्कळ स्वयंपाकी समजतात. सूप हाडांचं असतं, भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असते. म्हणून भाषांतराच्या ॲपमध्ये सविस्तर मजकूर आधीच तयार करून त्याचा फोटो ठेवा: मांस नको, कोंबडी नको, मासे आणि ऑयस्टर सॉस नको, हाडांचं सूप नको, प्राण्यांची चरबी नको, तेल वनस्पतीचं हवं. अंडं चालत असेल तर तसं, नसेल तर तसं. जैन मंडळींनी "बौद्ध भिक्षूंसारखं शाकाहारी" असं लिहावं. चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे स्वयंपाक्याला चटकन कळतं. सूप असलेला पदार्थ न मागवता कोरडा मागवणं हा सगळ्यात सुरक्षित उपाय. योफो म्येन त्यासाठीच सांगितलं.

जेवण झालं की पॅगोडा. मराठी माणसानं इथे घाई करू नये असं मला फार वाटतं. शाळेच्या इतिहासात आपण शिकलो तो ह्युएनत्संग याच शहरातून निघाला. तेव्हा याचं नाव छांगआन होतं. तो भारतभर फिरला, नालंदेला शिकला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आला, आणि इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं की हे उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि उरलेलं आयुष्य त्यांच्या भाषांतरात घालवलं. ते ग्रंथ ठेवायला ६५२ साली हा पॅगोडा उभा राहिला. आज दिसतो तो सात मजल्यांचा, ६४ मीटर उंच, किंचित कललेला. भारतात मूळ संस्कृत हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत टिकले ते अशा माणसांमुळे. आपल्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे पालीचे विद्वान पु. वि. बापट अशा चिनी ग्रंथांच्या अभ्यासात रमले होते. पॅगोड्याच्या दक्षिणेच्या चौकात ह्युएनत्संगाचा पुतळा आहे, तिथे उभं राहून हे सगळं बरोबरच्या मुलांना जरूर सांगा.

वर चढायचं वेगळं तिकीट असतं. जिना लाकडी आणि अरुंद आहे. रोज पर्वती चढणाऱ्यांना काही वाटणार नाही, गुडघे दुखत असतील तर खालचं मंदिर आणि बाग पुरेशी आहे. उत्तरेकडचं कारंजं आणि रात्रीचा दिव्यांचा रस्ता यांचं खूप कौतुक ऐकाल. एका दिवसात ते बसवायला जाऊ नका, त्या वेळेत तट बघा.

साडेचारपर्यंत ३ नंबरच्या मेट्रोनं एक स्टेशन जाऊन २ नंबर पकडा आणि योंगनिंगमनला उतरा. हा दक्षिण दरवाजा. तट मिंग राजवटीतला, चौदाव्या शतकातला आहे. उंची १२ मीटर, आणि वरचा रस्ता इतका रुंद की दोन मोटारी आरामात शेजारून जातील. पूर्ण फेरी जवळजवळ १४ किलोमीटरची. तिकीट ५४ युआन. वर सायकली भाड्यानं मिळतात. विटा जुन्या आणि उंचसखल आहेत, सायकल हादरते, त्यामुळे पाठीचं दुखणं असेल तर चालतच जा. सायकल घ्यायचीच तर आधी दोन गोष्टी विचारा: कुठल्या दरवाजावर परत करता येईल आणि किती वाजेपर्यंत. दक्षिण दरवाजा रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, सायकली त्याच्या आधी बंद होतात. दोन तासांत पूर्ण फेरी होते, पण मी म्हणेन दक्षिण दरवाजाहून पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत पायी जा आणि परत या. आतल्या बाजूला करड्या कौलांची घरं, बाहेर खंदक आणि त्यापलीकडे उंच इमारती. अंधार पडला की तटावरचे कंदील आणि बुरुजांच्या कडा उजळतात. त्या वेळी तुम्ही वर असायला हवं.

सातच्या सुमारास खाली उतरून एक स्टेशन पुढे, जोंगलौला, म्हणजे घंटेच्या मनोऱ्यापाशी या. जवळच नगाऱ्याचा मनोरा आहे आणि त्याच्या मागून मुस्लिम मोहल्ला सुरू होतो. रेशीम मार्गानं आलेल्या व्यापाऱ्यांचा वारसा सांगणारे हुई मुसलमान इथे पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांची मोठी मशीद ७४२ साली स्थापन झाली असं मानतात. चौकांमागून चौक, कौलारू लाकडी इमारती, घुमट कुठेच नाही. पण ती संध्याकाळी बंद होते. दिवसा वेळ काढता आला तर बघा.

मोठ्या रस्त्यावर प्रचंड गर्दी, ढोलकी, आरडाओरडा आणि काठीला टोचलेलं सगळं काही. एक फेरी मारा आणि शियांगश, दापियुआन अशा बाजूच्या गल्ल्यांत शिरा. जिथे स्थानिक माणसं बसलेली दिसतात तिथे बसा.

शाकाहाऱ्यांनी इथे ल्यांगफी खायची. गव्हाची कणीक पाण्यात धुऊन निघालेलं सत्त्व खाली बसू देतात आणि त्याचं पातळ पीठ थाळीत वाफवून पट्ट्या कापतात. म्हणजे आपण कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीकच, फक्त वाळवण्याऐवजी ताजा आणि गार. सोबत काकडी, मोड, कणकेचा उरलेला स्पंजासारखा भाग, तिखटाचं तेल, व्हिनेगर. या मोहल्ल्यात वरून तिळाची दाट पेस्ट घालतात, तीच मागा. माझ्या मते शीआनमधला शाकाहारी माणसाचा सगळ्यात चांगला पदार्थ हाच आहे. बरोबर बिंगफंग नावाचा संत्र्याचा सोडा घ्या, काचेच्या बाटलीतला. हा गावचा जुना सोडा आहे. गोडात पर्सिमॉनच्या गराची तळलेली पुरी मिळते. आतलं सारण काय आहे ते फोनमधला तयार मजकूर दाखवून विचारा आणि मगच घ्या.

मांसाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. या मोहल्ल्यात डुकराचं मांस मिळत नाही, पण गोमांस जागोजागी आहे. नुसतं "रौ" म्हणून मागवलं तर काय येईल सांगता येत नाही. "यांग रौ" म्हणजे मटण, "न्यौ रौ" म्हणजे गोमांस. पावात मांस भरून देतात त्या रौज्यामोमध्ये इथे बहुतेक गोमांस असतं आणि मोहल्ल्याबाहेर डुकराचं. त्यामुळे आम्ही तो पदार्थ बाजूला ठेवतो आणि नवऱ्यासाठी यांग रौ फाओमो मागवतो. तुमच्यासमोर रिकामा वाडगा आणि एकदोन जाड पाव आणून ठेवतात. ते आपण हातानं तोडायचे, मटारच्या दाण्याएवढे. पंधरावीस मिनिटं लागतात, शेजारच्या टेबलावरची माणसं गप्पा मारत शांतपणे तोडत बसलेली दिसतील. तुकडे मोठे राहिले तर रस्सा आत मुरत नाही. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो, बरोबर गोड-आंबट लसणाचं लोणचं. ढवळायचं नाही, कडेकडेनं खायचं.

मेट्रो रात्री अकराच्या सुमारास बंद होते, म्हणून दहाला उठा. हॉटेलचं कार्ड, चिनी लिपीत पत्ता असलेलं, सकाळीच खिशात टाकलेलं असलं की टॅक्सीलाही अडचण नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेन दहा-अकराची असेल तर अजून एक खाणं जमवता येतं. सकाळी साडेसातला साजिनच्याओ स्टेशनला उतरा आणि जंगगाओ विकणारी गाडी शोधा. मोठ्या भांड्यात चिकट भात, खजुरासारखी लाल बोरं आणि राजम्याच्या जातीचे दाणे थरावर थर लावून रात्रभर वाफवलेले असतात. विकणारा उलथन्यानं कडेपासून तळापर्यंत सगळे थर येतील असा तुकडा काढून देतो. गोड, गरम, आणि पूर्ण शाकाहारी. ते खाऊन १ नंबरच्या मेट्रोनं एक स्टेशन जा, २ नंबर बदला, ती थेट उत्तर स्टेशनला नेते. बुलेट ट्रेन तिथूनच सुटतात, आणि स्टेशनवर बॅग व पासपोर्ट तपासणीला वेळ लागतो, म्हणून गाडीच्या तासभर आधी पोचा.